लटारू जिथं गप्प राहिला

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
मी काटाघराचं कुलूप काढतो.
जिनिंग बंद पडून बावीस वर्षं झाली,
पण दरी झटकली की अजून सरकीची धूळ उडते
आणि पहिल्या रांगेतलं कुणीतरी शिंकतंच.
मोठा काटा भिंतीशी तसाच आहे.
"आता इथं शब्दांचं वजन होतं वाटतं?"
हा विनोद प्रत्येक पाहुणा करतो.
मी प्रत्येक वेळी हसतो,
तेही माझ्याच कामात येतं.

खुर्च्या चाळीस, रहेमतभाईच्या मंडपातल्या, फुकट.
माइकही त्याचाच.
"नवरीकडच्यांनी जेवून घ्यावं" हे त्यावर इतकं बोललं गेलंय
की कुणी कथा वाचायला लागलं
की तो जरा खरखरतो, लाजल्यासारखा.

डिसेंबरात नागपूरहून नीलाक्षी खानझोडे आल्या.
कथाकार. दोन पुस्तकं, एक पुरस्कार,
आणि एसटीच्या धक्क्यांसाठी कमरेला पट्टा.
बाहेर पातेल्यात तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकळत होत्या,
वास आत येत होता, पोरं दाराकडंच पाहत होती.
बाईंनी चष्मा लावला.

"विहिरीवर त्या दिवशी कोणीच नव्हतं."
"हं," मागून आवाज.

बाई थांबल्या. खाकरल्या.
"दोर मात्र ओला होता."
"हं."

कुणी मान वळवली नाही. आम्हाला ठाऊक आहे,
तो लटारू मडावी.
लहानपणी आत्याच्या गोष्टीला हुंकार द्यायचं काम त्याचं.
हुंकार चुकला की आत्या तिथंच गोष्ट सोडायची,
कंदील विझवायची,
राजाची पोरगी रात्रभर झाडावरच.
तेव्हापासून त्याचा हिशेब पक्का:
आपण बोललो नाही तर अंधार होतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी काय करणार, मी कुलूपवाला माणूस.
मानेनंच म्हटलं, वाचा.

त्या वाचत गेल्या.
आधी घाईनं, त्याच्या आवाजाला चुकवत,
रस्त्यातलं ढोर चुकवावं तशा.
मग कधीतरी, तिसऱ्या की चौथ्या पानावर,
त्या वाक्यांच्या मधे जागा सोडू लागल्या,
दोन तासांच्या मधे सोडतात तेवढी,
एक पाऊल मावेल इतकी.
आणि तो बरोबर तिथं पाऊल ठेवायचा.
हं.
हं.
पोरांनी दाराकडं पाहणं सोडलं होतं.

"आणि तिच्या डोळ्यांत
साऱ्या स्त्रीजातीचं दुःख दाटून आलं."

काहीच नाही.
पातेल्यावरचं झाकण तेवढं थडथडलं.
लटारू वर टिनाकडे बघत बसलेला, तोंड मिटून.
बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं, जरा भर देऊन.
माइक खरखरला.
शेवटी अंगणवाडीच्या कौसल्याबाई मून म्हणाल्या,
"ते राहू द्या बाई. दोराचं सांगा."

हसू फुटेल असं वाटलं, फुटलं नाही.
बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली.
कागदावर तिचा आवाज माइकमधून
साऱ्या काटाघरानं ऐकला, एक लांब ओरखडा.
मग खालची ओळ:
"दोर तिनं स्वतःच गुंडाळून ठेवला."

"हंऽऽ," लटारू म्हणाला,
आणि आमच्यातले आणखी चार-पाच जण,
न ठरवता.

नंतर शेंगा सोलताना बाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.
"तुम्हाला कसं कळलं, ते वाक्य..."
"मले काय समजते, बाई?
झोपलो नाही, एवढंच सांगत होतो."
शेंगांचं मीठ त्यानं धोतराला पुसलं.

साडेनऊची गाडी पावणेदहाला आली.
टरफलं मी झाडली, खुर्च्या मोजल्या, एकोणचाळीस.
एक लटारूनं घरी नेली होती, पाठीसाठी;
रहेमतभाईला अजून सांगितलं नाही.

येत्या शनिवारी यवतमाळचे एक कवी आहेत.
काल फोनवर विचारत होते, प्रोजेक्टर आहे का.
म्हटलं, नाही.
पेन्सिल आणा.